पाणक्यांची यात्रा

यात्रेला जाणाऱ्यांविषयीं आपल्या भाषेंत जितकें लिहिलें गेलें आहे, तितकें यात्रेकरूंना पाणी देणाऱ्यांविषयीं लिहिलें गेलेलें नाहीं. वाटेवरचा धुरळा, दर्शनाची ओढ, कळस दिसतांच भरून आलेले डोळे, यांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. परंतु ज्या मनुष्यानें त्याच धुरळ्यांत दिवसभर पिंपाजवळ उभें राहून पेले भरले आणि रात्रीं पिंप उपडें घालून ठेवलें, त्याचें काय झालें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. त्यानें पुण्य जोडलें, असें म्हणून आपण त्याची बोळवण करतों. पुण्य जोडणें ही एक गोष्ट; त्या मनुष्याचें मन, वाणी व स्वभाव हीं रतिभर तरी निर्मळ झालीं काय, ही दुसरी.

आमच्या एका स्नेह्यानें, जो देवधर्माच्या बाबतींत स्वतःला तटस्थ म्हणवितो, हाच प्रश्न आम्हांला सरळ घातला. तो म्हणाला, “तुम्ही दरवर्षीं एवढ्या लांब जाऊन लोकांना पाणी पाजतां. बारा वर्षें झालीं. तुमच्यांत फरक काय पडला?” प्रश्न खोचक होता, पण खोटा नव्हता. असल्या प्रश्नाचें उत्तर बैठकींत देतां येत नाहीं. तेथें मनुष्य एक तर फुशारकी मारतो, नाहीं तर खोटा विनय दाखवितो. कागदावर थोडा धीर असतो. म्हणून तें उत्तर येथें शोधून पाहण्याचें योजिलें आहे.

आम्ही भुसावळचे. खानदेशांत कॅथलिकांची वस्ती विरळ. रेल्वेच्या नोकरीनिमित्त येऊन राहिलेलीं कुटुंबें, नगरकडून आलेले मराठी ख्रिस्ती, आणि सातपुड्याच्या बाजूचे थोडे आदिवासी बांधव, एवढाच आमचा गोतावळा. १९८७ सालीं नाशिकचा धर्मप्रांत स्थापन झाला आणि धुळें व जळगांव हे जिल्हे नाशिक व नगर यांच्या जोडीनें त्यांत आले. आमचें म्हणावें असें मोठें तीर्थ खानदेशांत नसल्यामुळें आमचीं पावलें दोन दिशांना वळतात: फेब्रुवारींत नाशिकरोडच्या बाळ येशूकडे, आणि सप्टेंबरांत हरेगांवच्या मतमाउलीकडे. आम्ही सेवा करतों ती हरेगांवास.

हरेगांव हें अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यांत श्रीरामपूर तालुक्यांत आहे. भुसावळहून मनमाड, आणि मनमाडास गाडी बदलून दौंडच्या मार्गानें बेलापूर स्टेशन. स्टेशनचें नांव बेलापूर आणि उतरावयाचें तें गांव श्रीरामपूर. हा घोटाळा नवख्या यात्रेकरूला नेहमीं नडतो. धुळ्याची मंडळी चाळीसगांवावरून येऊन मनमाडास आम्हांला मिळते. जुन्या लोकांना हरेगांव म्हटलें कीं बेलापूर कंपनीचा साखर कारखाना आठवतो. त्या कारखान्याचें धुराडें थंड होऊन आतां पुष्कळ वर्षें लोटलीं. परंतु त्याच्या उंसावर आणि चाळींवर ज्यांचीं घरें उभीं राहिलीं, त्यांच्यांतच या यात्रेचें मूळ आहे. १९४९ सालीं जेझुइट संघाच्या फादर बाडर यांनीं ती सुरू केली. ८ सप्टेंबर हा पवित्र मरियेचा जन्मदिन. त्या सुमारास, आधीं नऊ दिवस नोव्हेना होऊन, शनिवार-रविवारीं यात्रा भरते. ज्या भाषेंत ज्ञानेश्वरांना माउली म्हणतात, त्या भाषेला येशूच्या आईकरितां दुसरें नांव शोधीत फिरावें लागलें नाहीं. नवसाची मेणबत्ती घेऊन येणाऱ्यांत गळ्यांत जपमाळ घातलेले असतात, तशाच कपाळाला ठसठशीत कुंकू लावलेल्या बायाही असतात. माउलीच्या दारांत कोणी कोणाचें प्रमाणपत्र पाहत नाहीं.

आमच्या वांट्याला प्रथम पाणी आलें, मग मेण, मग हरवलेलीं मुलें, आणि शेवटीं पुन्हा पाणीच. यांपैकीं मेणाचें काम वाचकांना बहुधा ठाऊक नसेल. दिवसभर लोक मेणबत्त्या लावतात. त्या वितळून चौथऱ्यावर थरावर थर चढतात. आणि रात्रीं गार पडल्यावर ते खुरप्यानें खरवडून काढावे लागतात. काम हलकें, पण तें करतांना एकेका थरांत किती जणांचे नवस एकजीव झाले आहेत, हें मनांत आल्यावांचून राहत नाहीं. कोणाला मूल हवें, कोणाची कोर्टकचेरी, कोणाचा दमा, कोणाचा दारूडा नवरा. मेणाला त्यांतला भेद कळत नाहीं. प्रार्थना करणाऱ्याला स्वतःची मेणबत्ती तेवढी दिसते. खरवडणाऱ्याला सगळ्यांचें मिळून एक मेण दिसतें. भक्तीच्या शाळेंत हा धडा आम्हांला पुस्तकांतून मिळाला नव्हता.

हरवलेलीं मुलें सांभाळतांना दुसरा धडा मिळाला. हरवलेलें मूल गोळी दिल्यानें गप्प बसत नाहीं, समजूत घातल्यानें बसत नाहीं. तें केवळ कोणी तरी हात न सोडतां जवळ बसून राहिलें म्हणजे बसतें. अशा वेळीं बोलण्यासारखें कांहीं नसतें व करण्यासारखेंही कांहीं नसतें. नुसतें असावें लागतें. धार्मिक मनुष्याला हें फार जड जातें, कारण त्याच्या तोंडाशीं नेहमीं एक उपदेश तयार असतो.

परंतु सेवेनें पावित्र्य वाढतें कीं नाहीं, हें ठरविण्यापूर्वीं पावित्र्य म्हणजे काय, हें पाहिलें पाहिजे. कारण या शब्दानें आपला मोठा घोटाळा करून ठेवला आहे. मराठी मनाला पावित्र्य म्हटलें कीं सोवळें आठवतें. सोवळें म्हणजे जें कोणी शिवलें नाहीं तें. पाण्याचा हंडा सोवळ्यांतला, कारण तो चारचौघांपासून दूर ठेविला आहे. देव सोवळ्यांतला, कारण त्याच्या आड उंबरठा आहे. या हिशेबानें पवित्र होणें म्हणजे हळूहळू लोकांपासून दूर होत जाणें. आणि यात्रेंतील सेवा तर पहिल्या घटकेपासून ओवळी. तेथें चिखल आहे, घाम आहे, ओकारी झालेलें मूल आहे, उष्टा पेला आहे. सोवळ्याच्या मापानें पाहिलें तर स्वयंसेवक सायंकाळीं घरून निघतांना होता त्यापेक्षां अधिकच मळून परत येतो.

हा केवळ शब्दांचा वाद असता, तर तो येथें उपस्थित केला नसता. हरेगांवास येणाऱ्या पुष्कळांच्या पणजोबा-पणजींना गांवच्या पाणवठ्याला हात लावण्याची मुभा नव्हती. कोणी वरून ओंजळींत धार धरील, तेव्हां त्यांची तहान भागे. त्यांना दूर ठेवणाऱ्यांनीं दुष्टपणाचें नांव कधीं घेतलें नाहीं. ते पावित्र्याचेंच नांव घेत. १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनीं ओंजळभर पाणी प्राशन केलें, तेव्हां त्या पाण्यानें कोणाची तहान भागावयाची नव्हती, एक खोटें पावित्र्य बुडावयाचें होतें. आणि वीस वर्षांनीं, मे १९४७ मध्यें, आमच्या खानदेशांतील अंमळनेरच्या शाळेंत ज्यांनीं मुलें घडविलीं, त्या साने गुरुजींनीं पंढरपूरचें मंदिर हरिजनांना खुलें व्हावें म्हणून प्राण पणास लावून उपवास केला. देवाचें पावित्र्य दार लावून राखतां येतें, ही समजूतच त्यांना अपवित्र वाटली.

हें ध्यानांत आलें म्हणजे हरेगांवच्या मैदानांत पेला हातांत देणें आणि हाताला हात लागून तो घेतला जाणें, ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ राहत नाहीं. जातिभेद बाप्तिस्म्याच्या पाण्यानें आपोआप धुऊन निघाला, असें आम्ही म्हणणार नाहीं. सोयरीक जुळवितांना तो ख्रिस्ती घरांतूनही डोकें वर काढतो. परंतु जेथें एके काळीं पाणी वरून ओतलें जात होतें, तेथें तें बरोबरीनें हातांत दिलें जातें. देणारा कोणत्या कुळींचा आणि घेणारा कोणत्या, हें त्या गर्दींत कोणी विचारीत नाहीं. सोवळ्याच्या पावित्र्याहून निराळें असें एक पावित्र्य आहे, आणि तें स्पर्शानें बाटत नाहीं, स्पर्शानेंच वाढतें, हें आम्हांला तेथें उमगलें. येशूनें शेवटच्या भोजनाच्या वेळीं शिष्यांचे पाय धुतले, तेव्हां त्याच्या कमरेला गुंडाळलेला पंचा मळलाच असेल. १९६४ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें, पावित्र्य ही मठांतल्या थोड्यांची मिरास नसून प्रत्येक श्रद्धावंताला, ज्याच्या त्याच्या कामधंद्यांत, त्याचें बोलावणें आहे, असें स्पष्ट सांगितलें. गार्ड, शिक्षक, मोलकरीण, कोणीही यांतून सुटलेलें नाहीं.

आतां या मार्गावरचे खड्डे. यात्रेची सेवा करणारा मनुष्य आपोआप साधु होतो, असें ज्याला वाटत असेल, त्यानें कोठल्याही तीर्थाच्या ठिकाणीं एक दिवस स्वयंसेवकांत काढावा. पहिला खड्डा बिल्ल्याचा. छातीवर रंगीत फीत आणि हातांत रांगेची दोरी आली कीं अत्यंत गरीब स्वभावाच्या मनुष्याच्याही आवाजांत फौजदार बोलूं लागतो. ज्याच्या हातीं दोरी, तो घटकाभर देवाचा कारभारी. ओळखीच्या मनुष्याकरितां दोरी सैल होते, अनोळखी म्हातारीकरितां ती ताठ होते. आणि हें सगळें शिस्तीच्या नांवानें होतें. दुसरा खड्डा हिशेबाचा. किती पिंपें भरलीं, किती रात्रीं जागलों, कितवें वर्ष, हें सांगण्याची जिभेला चटक लागते. तिसरा खड्डा सर्वांत फसवा. परक्या गांवच्या अनोळखी रोग्याची सेवा गोड वाटते, कारण ती दोन दिवसांत संपते. घरच्या रोग्याची सेवा संपत नाहीं, म्हणून ती गोड वाटत नाहीं. पहिल्या दोन खड्ड्यांविषयीं आधीं बोलूं. तिसरा शेवटास ठेवूं.

बिल्ला आणि हिशेब यांवरचा उतारा आम्हां खानदेशकरांना दूर शोधावयास नको. जळगांव जिल्ह्यांत तापी आणि पूर्णा यांच्या संगमाजवळ चांगदेव नांवाचें गांव आहे, आणि तेथून जवळच, पूर्वीचें एदलाबाद म्हणजे आतांचें मुक्ताईनगर. १२९७ सालीं याच तापीकांठीं विजेच्या लोळांत मुक्ताबाई गुप्त झाली, असें वारकरी मानतात, आणि तिची पालखी येथून दरवर्षीं पंढरपुरास जाते. चांगदेवाची कथा वाचकांना ठाऊक आहेच. चौदाशें वर्षें तप केलेला तो योगी वाघावर बसून, सापाचा चाबूक करून ज्ञानेश्वरांच्या भेटीस निघाला; आणि त्याआधीं पाठविलेलें पत्र काय लिहावें हें न सुचल्यामुळें कोरेंच गेलें. तें पाहून मुक्ताबाई म्हणाली कीं चौदाशें वर्षांनीं हा कोरा तो कोराच राहिला. चौदाशें वर्षांचा हिशेब एका लहान मुलीनें एका वाक्यांत खलास केला. ज्याला आपल्या बारा वर्षांच्या सेवेचा आंकडा सांगण्याचा मोह होतो, त्यानें एकदां संगमावर जाऊन यावें.

त्याच मुक्ताबाईनें केलेली दुसरी गोष्ट आम्हांला याहूनही मोठी वाटते. लोकांनीं केलेल्या अपमानानें खिन्न होऊन ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आंत बसले. आणि ही धाकटी बहीण बाहेर उभी राहून ताटी उघडण्याची विनवणी करीत राहिली. ताटीच्या अभंगांचें जन्मस्थान तें. ज्ञानेश्वरांच्या पावित्र्याविषयीं कोणाला शंका नव्हती, तिलाही नव्हती. परंतु बंद ताटीआडचें पावित्र्य जगाच्या काय कामाचें, हा तिचा प्रश्न होता. लोक कसेही वागले तरी संतानें लोकांत यावें, हें तिनें मागितलें. रांगेंतला एखादा दांडगा मनुष्य शिवी हांसडतो, पेला फेंकून देतो, तेव्हां स्वयंसेवकाच्या मनाची ताटी खाडकन बंद होते. ती पुन्हा उघडणें, तोही यात्रेकरूच आहे असें समजून दुसरा पेला भरणें, हीच त्या दिवसाची उपासना. बाकीचीं कामें मजूर लावूनही होतील.

ख्रिस्ती संतांमध्यें ही विद्या ज्यांना साधली, त्यांतल्या दोघीजणी फ्रान्सच्या. लूर्द येथें १८५८ सालीं बर्नादेत नांवाच्या अडाणी मुलीला मरियेचें दर्शन झालें, आणि तें स्थान जगांतील रोग्यांचें माहेर झालें. तेथें रोग्यांच्या गाड्या ओढण्याकरितां व त्यांना स्नान घालण्याकरितां १८८५ सालीं स्वयंसेवकांचा एक संघ निघाला. तो आजही चालू आहे. परंतु बर्नादेत स्वतः त्या गर्दींत राहिली नाहीं. ती नेव्हेरच्या मठांत जाऊन रोग्यांची शुश्रूषा करीत राहिली व १८७९ सालीं वारली. आपल्याविषयीं ती म्हणे कीं केरसुणीचा उपयोग केर काढण्यापुरता. काम झालें कीं ती दाराआड ठेवावयाची. आपल्याकडे केरसुणीला लक्ष्मी मानतात आणि दिवाळींत तिची पूजा करतात. परंतु वर्षाचे बाकीचे दिवस ती दाराआडच असते, आणि त्याबद्दल तिनें तक्रार केल्याचें ऐकिवांत नाहीं.

दुसरी लिझ्यूची तेरेजा. १८७३ सालीं जन्मली, १८९७ सालीं वारली. अवघीं चोवीस वर्षें. तिच्या मठांत एक वृद्ध, अपंग व चिडखोर जोगीण होती. तिला रोज सायंकाळीं प्रार्थनेच्या जागेहून जेवणघरांत न्यावें लागे. हळू चाललें तर ती म्हणे, मला धरीत नाहींस. घट्ट धरलें तर म्हणे, पाडतेस. तेरेजेनें हें काम आपण होऊन मागून घेतलें. पुढें तिच्या ध्यानांत आलें कीं म्हातारीच्या वांकड्या हातांनीं भाकरीचे तुकडे होत नाहींत. तेव्हांपासून ती ते करून देऊं लागली, आणि जातांना एक हास्य ठेवून जाऊं लागली. एवढेंच. यांत कोठें चमत्कार नाहीं, वाघ नाहीं, चाबूक नाहीं. १९२५ सालीं हिला संतपद मिळालें. ज्या चर्चनें मोठमोठ्या पंडितांना आचार्य म्हटलें, त्यानें १९९७ सालीं हिलाही आचार्य म्हटलें. तुकडे करून देण्यांतही एक शास्त्र आहे, असा याचा अर्थ.

पण तुकडे तर पगारी आयाही करून देते; मग भेद कोठें? या प्रश्नाचें उत्तर आम्हांला धुळ्यानें दिलें. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं रविवारीं रविवारीं गीतेच्या एकेका अध्यायावर अठरा प्रवचनें दिलीं, आणि साने गुरुजींनीं तीं लिहून घेतलीं. त्यांत कर्म आणि विकर्म यांची जी फोड विनोबांनीं केली आहे, ती सेवकाला फार उपयोगी. हातानें होतें तें कर्म. त्याच वेळीं मनाचा जो ओलावा त्या कर्माला येऊन मिळतो तें विकर्म. आणि दोन्ही एकत्र आलीं म्हणजे कर्माचा बोजाच उतरतो, केलें असें वाटतच नाहीं. तुरुंगांत कैद्यांपुढें हें सांगितलें गेलें, ही गोष्ट आम्हांला अर्थपूर्ण वाटते. तेथें ऐकणाऱ्यांपाशीं देण्यासारखें कांहीं नव्हतें. मिळण्यासारखेंही कांहीं नव्हतें. उरलें होतें तें फक्त मन.

मात्र हा ओलावा आपला आपण आणतां येत नाहीं, हें हरेगांवच्या पिंपाजवळ कळतें. दुपारीं तीनच्या उन्हांत, दोनशेंव्या पेल्यानंतर, मन कोरडें ठणठणीत होतें. अशाच एका दुपारीं धुळ्याकडची एक म्हातारी रांगेंतून पुढें आली. “पानी शे का, भाऊ?” अहिराणी कानांवर पडतांच बरें वाटलें. ती पेलाभर प्यायली. दुसरा पेला तिनें मागच्या लंगड्या मुलाला दिला. आणि मग तिसरा आमच्यापुढें करून, तुम्ही प्यालांत काय, असें तिनें विचारलें. त्या दिवशीं हजारों लोक पाणी पिऊन गेले. आम्हांला पाणी विचारणारी ती एकटी. ती कोण, ख्रिस्ती कीं हिंदु, कशाचा नवस फेडावयाला आली होती, हें आम्हांला ठाऊक नाहीं. आपण सेवा करतों आणि यात्रेकरू ती घेतात, ही समजूत तेथें संपली. पावित्र्य पिंपाच्या अलीकडे नव्हतें, पलीकडून चालत आलें होतें. तें रांगेंत उभें राहून, पायांना भेगा घेऊन आलें होतें. स्वयंसेवकाला जें मिळतें तें असें मिळतें. तो देवळाच्या जवळ असतो म्हणून मिळत नाहीं, तो लोकांच्या वाटेंत असतो म्हणून मिळतें.

आतां तो तिसरा खड्डा. आमचे वडील रेल्वेंत गार्ड होते. अर्धांगवायूनें तीन वर्षें ते अंथरुणावर होते. जन्मभर घड्याळाबरहुकूम चाललेला मनुष्य; त्यांना दर पांच मिनिटांनीं किती वाजले हें विचारण्याचा छंद लागला. सांगितलेलें ऐकूं येई, पण राहत नसे. पाण्याचा पेला ओठांशीं नेला कीं चांगल्या हातानें ते तो ढकलून देत, आणि पाणी दिलें नाहीं म्हणून रागें भरत. हरेगांवची सेवा दोन दिवसांची. ही तीन वर्षांची. तेथें ध्वनिक्षेपकावर स्तोत्रें चाललेलीं, येथें शेजारच्या दूरचित्रवाणीचा गोंगाट. तेथें कोणी तरी आभार मानी. येथें वडिलांनीं शेवटच्या आठवड्यापर्यंत एकदांही आभार मानले नाहींत. मानावे असें त्यांना वाटलेंच नसेल. बाप मुलाच्या हातचें पाणी पितो, त्यांत आभार कसले?

परंतु हात शिकलेले होते. पिणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला वांकून पेला धरावा. पेला आपल्या हातांत असला तरी घोट त्याच्या मर्जीनें जाऊं द्यावा. सांडलेलें आधीं पुसूं नये, आधीं त्याच्याकडे पाहावें. हें सर्व पिंपाजवळ अंगवळणीं पडलें होतें. पेला ढकलला गेला कीं तो पुन्हा भरला जाई. किती वाजले, या प्रश्नाला पुन्हा उत्तर दिलें जाई, आणि तें खरें घड्याळ पाहून दिलें जाई, कारण गार्डाला अदमासानें वेळ सांगणें हा त्याचा अपमान. यांत थोरवी कांहीं नाहीं. खानदेशांतल्या हजारों घरांतून सुना व लेकी हें रोज करतात, आणि त्यांच्या छातीवर कोणी फीत लावीत नाहीं. आम्हांला म्हणावयाचें तें इतकेंच कीं तीर्थाची सेवा ही खऱ्या सेवेची तालीम आहे. जी सेवा परत येतांना गाडींतच उतरून जाते, आणि घरच्या खाटेपर्यंत पोंचत नाहीं, ती यात्रा नव्हे, सहल.

संत योहानाच्या शुभवर्तमानांत काना गांवच्या लग्नाची कथा आहे. द्राक्षारस संपला, हें प्रथम मरियेच्या ध्यानांत आलें. तिनें मुलाला सांगितलें, आणि चाकरांना बजावलें कीं तो सांगेल तें करा. दगडी रांजण सहा होते. एकेकांत सुमारें ८० ते १२० लिटर पाणी मावावें. तेव्हां त्या चाकरांनीं सुमारें पांचशें ते सातशें लिटर पाणी विहिरीवरून वाहून आणलें असलें पाहिजे. आणि तें कशाकरितां, हें त्यांना कोणी सांगितलें नव्हतें. पुढें त्याचा द्राक्षारस झाला. पंगतीच्या प्रमुखानें तो चाखला, पण तो कोठून आला हें त्याला कळलें नाहीं. मात्र ज्या चाकरांनीं पाणी काढलें होतें त्यांना तें ठाऊक होतें, असें योहान जातां जातां नमूद करतो. या कथेवर प्रवचनें आम्हीं पुष्कळ ऐकलीं. त्यांत चमत्कार येतो, नवरामुलगा येतो, माउली येते. त्या चाकरांवर कोणी थांबत नाहीं. चमत्कार त्यांनीं केला नाहीं. द्राक्षारस त्यांना प्यावयास मिळाला कीं नाहीं, याचा उल्लेख नाहीं. त्यांच्या वांट्याला फक्त खांदे दुखणें आलें, आणि एक माहिती.

आमच्या स्नेह्याला द्यावयाचें उत्तर आतां जवळ आलें आहे. आमच्यांत फरक काय पडला, हें सांगण्याचा अधिकार आमचा नाहीं. तें आमच्या घरच्यांना विचारावें, आणि त्यांनीं हंसून विषय बदलला तर तेंही उत्तर समजावें. वजनकांट्यावर चढून ज्याला आपलें पावित्र्य मोजावयाचें आहे, त्याचें कोरें पत्र अद्यापि कोरेंच आहे. परंतु एवढें खात्रीनें सांगतां येतें कीं पाणी कोठून येतें, हें पाणी काढणाऱ्याला ठाऊक असतें. तें पिंपांतून येत नाहीं, आणि आपल्या मनांतून तर नाहींच. कारण आपलें मन दुपारीं तीन वाजतां आटतें, आणि तरीही सायंकाळपर्यंत पेले भरले जातात.

यंदांही सप्टेंबरांत भुसावळची मंडळी निघेल, धुळ्याची मनमाडास येऊन मिळेल, आणि कोणी तरी नवखा श्रीरामपूरचें स्टेशन शोधीत बेलापूर मागें टाकून पुढें जाईल. त्या गर्दींत आमच्या स्नेह्यानेंही यावें. तटस्थ राहून आला तरी चालेल. पिंपाजवळ एक जागा नेहमींच कमी पडते, आणि तेथें उभें राहण्यापूर्वीं श्रद्धेचा दाखला कोणी मागत नाहीं.